पाचच शेक

किरणोपचाराच्या विभागात तज्ज्ञ व्हायला आलेल्या डॉक्टरांची जी शेवटची परीक्षा असते, तिच्यात एक खोली चक्क नाटकाची असते. खुर्चीत पगारी नट बसवतात. तो कुणाचा तरी बाप होतो नाहीतर नवरा होतो, आणि डॉक्टरने त्याला सांगायचं असतं की तुमचं माणूस आता बरं होणार नाही. आवाज किती खाली आणायचा, कुठे थांबायचं, रुमाल केव्हा पुढे करायचा, सगळ्याला गुण. सराव परीक्षेत ठमीला पैकीच्या पैकी मिळाले. नट जाताना म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही सांगणार असाल तर मरायचीही भीती नाही वाटायची." त्यानंतर दोन दिवस बाई जमिनीवरून चार बोटं वर चालत होत्या.

ठमी हे मामाने ठेवलेलं नाव. लहानपणी ही मोठ्यांच्या घोळक्यात बसून मोठ्यांसारखी अक्कल पाजळायची, म्हणून ठमाबाई, आणि पुढे ठमी. हॉस्पिटलात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मामा तिथे उपचाराला आला आणि पहिल्याच दिवशी किरणांचं मशीन चालवणाऱ्या मुलांना सांगून मोकळा झाला.

मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एकदा शिडीवर चढताना कंबरेत कळ आली ती राहीचना. तपासण्या झाल्या आणि फुप्फुसातला कॅन्सर हाडात उतरलेला निघाला. विभागाच्या मॅडम शिस्तीच्या. आपल्या माणसाची फाइल आपण हातात धरायची नाही, हा त्यांचा नियम. "इथे तू भाची. डॉक्टर मी," त्यांनी ठमीला बजावलं. त्यांनी स्वतः मामाला तपासलं आणि कंबरेच्या हाडाला पाच शेक लिहून दिले. किरणांना तिथे येणारे सगळे शेकच म्हणायचे, आणि हळूहळू डॉक्टरही तसंच म्हणायला लागले होते.

पाच हा आकडा ऐकला आणि ठमीला सगळं कळलं. मामासारखा आजार मुळापासून काढायची आशा असते तेव्हा महिना-दीड महिना रोज थोडे थोडे किरण देतात. नुसतं दुखणं हलकं करायचं असेल तर चार-पाच दिवसांत आटपतात, उगाच माणसाचे दिवस हॉस्पिटलात का घालवायचे? याला अपवाद आहेत, पण मामा त्या अपवादांत नव्हता.

मामाच्या घरी हेच गणित उलटं मांडलं गेलं. शेजारच्या मास्तरांना घशासाठी दीड महिना शेक घ्यावे लागले होते. "यांना पाचच!" मामी अख्ख्या इमारतीला सांगत सुटली. मामाने तर मास्तरांना जिन्यातच गाठलं. "मास्तर, तुमची दीड महिना शिकवणी! आम्ही पाच दिवसांत पास!" मास्तर बिचारे बसलेल्या आवाजात जमेल तेवढं हसले.

मामाचा हा आनंद उसना आहे, असं ठमी धरून चालली. मॅडमनी सांगितलंच असेल, मामा आपला मामीपुढे ताठ उभा आहे. आणि मॅडम धरून चालल्या की घरात डॉक्टर भाची आहे, तिने उलगडून सांगितलं असेल. त्यांनी मामाला विचारलंही होतं, सगळं समजलं ना? मामा म्हणाला होता, "न समजायला काय झालं? आमची भाचीच आहे की इथे!" दोन शहाण्या बायकांच्या मध्ये मामा अंधारातच राहिला.

चौथ्या दिवशी मशीनबाहेरच्या बाकावर तो फोनवर बोलत होता. मामी चहा आणायला गेली होती. पलीकडे मामाची मुलगी होती, लांबच्या शहरात नव्या नोकरीवर.

"अगं, रजा टाकून कशाला येतेस? पाचातले चार झालेच म्हण. वर्षाअखेरीस ये, चांगली महिनाभर राहा. तोवर मी शिडीवर असेन बघ."

ठमी दुसऱ्या कुणाची फाइल घेऊन मागून चालली होती, ती जागीच थांबली. त्याला खरंच माहीत नव्हतं. वर्षाअखेर सात-आठ महिने लांब होती, आणि तिथवर मामा पोचेल असं तिने वाचलेल्या एकाही पानात लिहिलेलं नव्हतं. मुलगी येईल तेव्हा घरात फक्त मामी असेल. ठमी तशीच मॅडमच्या खोलीत गेली आणि एका दमात सगळं बोलली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "चुकलं माझं. समजलं का म्हणून विचारलं, काय समजलं ते विचारलं नाही. चल, मी सांगते."

"नको मॅडम. मी सांगते. भाची म्हणून."

मॅडमनी मानेनेच हो म्हटलं.

बाकापर्यंतच्या वाटेवर ठमीला स्वतःची चीड आली. गेले चार दिवस ती या बाकाला वळसा घालून जात होती आणि त्याला नियम म्हणत होती. ती मामाशेजारी बसली. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"मामा, थोडे शेक म्हणजे थोडा आजार, असं नसतं रे."

"मग कसं असतं?"

"थोडे देतात ते दुखणं कमी व्हायला. आजार जायला नाही. तो आता जाणार नाही." आणि ती रडायला लागली. परीक्षेत याचे गुण कापतात.

मामा समोरच्या लाल दिव्याकडे बघत बसला. आत कुणाला तरी शेक चालू होता. तो म्हणाला, "म्हणजे मास्तरांचा दीड महिना..."

"ते बरं व्हायला होतं."

"आणि मी त्या माणसाला जिन्यात गाठून चिडवलं." तो ओशाळून हसला आणि ते हसू त्याला पुरं करता आलं नाही. "किती दिवस, ठमे?"

"नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण वर्षाअखेर धरू नकोस."

"दुखणं तरी जाईल ना?"

"बरंचसं. पंधरा-वीस दिवसांत."

मामाने फोन काढला. नंबर लावला. मुलीने लगेच उचलला.

"ऐक, मघाशी मी काहीतरीच बोललो. तू ये. रजा मिळेल तशी लगेच ये... नाही गं, आत्ता बराय मी. हे दुखणं जरा थांबेल म्हणते ठमी. तेवढ्यात ये, म्हणजे मला बसून बोलता येईल तुझ्याशी."

मग मुलीने एकच विचारलं, आणि ते ठमीलाही ऐकू आलं.

"बाबा, आईला माहीत आहे?"

मामी कॉरिडॉरच्या टोकाला दिसली. दोन्ही हातांत चहाचे कप, वाटेतल्या कुणालातरी ती हसून काही सांगत होती.

"नाही," मामा म्हणाला. "येतेय ती. ठेवतो." त्याने फोन खिशात घातला, ठमीला हाताने उठायची खूण केली, आणि बाकावर बाजूला सरकून मामीसाठी जागा केली.