ऑर्फामावशीचा घेवडा

ओढ्याला पूर आला त्या पहाटे माझी ऑर्फामावशी वाहून गेली. पाणी ओसरल्यावर ती सापडली, पार खाली, पुलापाशी अडकलेल्या झाडोऱ्यात. तिची मुलगी नेल्डा माझी मावसबहीण. दफनाच्या वेळी ती ताठ उभी होती. लोक तिचा हात हातात घेत होते, ती घेऊ देत होती. "आलात, बरं वाटलं," एवढंच म्हणत होती. मला वाटलं, घरी गेली की रडेल. पण घर कुठे राहिलं होतं? नुसता पाया आणि त्यावर बोटभर चिखल.

सरकारने त्याच जागेवर एक ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं अरुंद घर, आणून ठेवला. त्यात नेल्डा आणि तिचा नवरा बर्ल राहू लागले. बर्ल पूर्वी खाणीत होता. मोठा थट्टेखोर माणूस. चर्चमधल्या जेवणावळीला तो ज्या टेबलावर बसेल तिथे हसण्याचा गोंगाट असायचा. पुरानंतर तोही गप्प झाला. मी आठवड्यातून एकदा जायची. दोघं समोरासमोर बसून कॉफी पीत असायची. साखर हवी का, पाऊस येईल का, एवढ्यापुरतं बोलणं. भांडण नव्हतं. भांडायलाही काहीतरी वाटावं लागतं.

काय घडलं ते सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं, म्हणजे वरवर. बर्लने आधी नेल्डाला पाण्यातून पलीकडे उतारावर पोचवलं, मग मावशीला आणायला परत गेला. येताना धार वाढली आणि मावशी गेली. त्यापुढे कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

वसंतात मी फ्रीजर साफ करत होते, तर तळाशी एक काचेची बरणी निघाली. मावशीने पूर्वी कधीतरी दिलेलं घेवड्याचं बी. आमच्याकडे वेलाचा हा घेवडा घराघरात वेगळा असतो. मावशीच्या घेवड्याच्या शेंगा तेल लावल्यासारख्या तुकतुकीत, आत दाणे ठासून भरलेले. तो तिच्या आजीपासून चालत आलेला. तिच्याकडचं सगळं बी घराबरोबर गेलं होतं. मी बरणी घेऊन नेल्डाकडे गेले.

"हे काय?" तिने विचारलं.

"तुझ्या आईचा घेवडा."

तिने बरणी हातात धरली, उजेडात पाहिली आणि टेबलावर ठेवली. "तूच लाव, कॉर्डा."

"माझे गुडघे वाकत नाहीत आता. तू लाव."

"कुठे लावू? खालच्या मातीला अजून पुरात आलेल्या डिझेलचा वास येतो. लावू नका म्हणून सरकारी माणसं सांगून गेलीत." दुसऱ्याच कुणाच्या जमिनीबद्दल बोलावं तसं ती बोलत होती.

मी जास्त ताणलं नाही. बरणी तिथेच राहिली.

पुढच्या आठवड्यात गेले तर ट्रेलरच्या मागे, पुराच्या रेषेच्या वर, उतारावर बर्लने दगड रचून एक अरुंद पट्टी सपाट केली होती. वरच्या रानातून बादल्या भरभरून काळी माती आणून त्यात टाकत होता. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. मला पाहून त्याने मान हलवली आणि पुन्हा वर चढायला लागला.

ओकच्या झाडांना खारीच्या कानाएवढी पानं फुटली, ही आमच्याकडची पेरणीची खूण, तेव्हा तो बी घेऊन बसला. त्याने जन्मात कधी बी लावलं नव्हतं. त्या घरात बाग मावशीची होती, त्याचं काम खायचं. मी खुर्ची टाकून पाहत होते. तो काठीने भोक पाडायचा, मनगटापर्यंत हात आत घालायचा आणि बी सोडायचा. मी सांगणारच होते, तेवढ्यात ट्रेलरचं दार उघडलं.

"बर्ल, विहीर खणतोयस का?" नेल्डा म्हणाली. "एवढ्या खोलातून ते वर यायचं नाही."

ती घरातल्या सपाता घालूनच चढून आली, त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि बोट मातीत घातलं. "एवढंच. दोन पेरं. बियाचा डोळा खाली करायचा."

"डोळा कुठला?"

"हा काय."

त्याने पाहिलं. एक बी तिने लावलं, एक त्याने. मग ती उठली, हात झटकले आणि आत निघून गेली. मला उगाच बरं वाटलं. पण जाताना तिचा चेहरा मी पाहिला होता. भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ करून माणूस पुढे जातो तसा होता.

त्यानंतर गारठा पडला आणि निम्मं बी जमिनीतच कुजलं. बर्लने उरलेलं लावलं. दोन पानं फुटली, वेल चढायला लागले, तर हरणांनी शेंडे खाल्ले. तेव्हा त्याने साबणाच्या वड्या दोऱ्याला बांधून काठ्यांवर टांगल्या. वासाने हरणं येत नाहीत म्हणतात.

"हरणांना आंघोळ घालणार आहेस?" नेल्डाने विचारलं.

"गरज आहे त्यांना," बर्ल म्हणाला.

कोणी हसलं नाही. पण पुरानंतर बर्लच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिली थट्टा.

वेल वाढले. ऑगस्टमध्ये पहिला मोठा तोडा निघाला, तेव्हा नेल्डाचा फोन आला, शेंगा मोडायला ये म्हणून. आम्ही तिघं ट्रेलरच्या सावलीत बसलो, मांडीवर पातेली घेऊन. टोक मोडायचं, शीर ओढायची, शेंगेचे तुकडे पातेल्यात टाकायचे. हात कामात असले की डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही.

मग बर्ल खाली बघतच म्हणाला, "आईंचा हात सुटला नव्हता."

नेल्डाची बोटं थांबली नाहीत.

"मी सोडला. माझं डोकं पाण्याखाली गेलं. श्वास घेता येईना. त्यांनी धरून ठेवलं होतं, मी बोटं सोडवली."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण पातेलं मांडीवर होतं, आणि उठले असते तर आवाज झाला असता.

"मला माहीत आहे," नेल्डा म्हणाली. "मी उतारावरून बघत होते."

बर्लने मान वर केली. एवढे महिने ते दोघं त्या अरुंद ट्रेलरमध्ये एकमेकांना वळसा घालून वावरत होते, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

"ती काही बोलली का?" तिने विचारलं.

"चष्मा पडला म्हणाल्या. 'बर्ल, माझा चष्मा गेला.' तेवढंच."

नेल्डाने एक शेंग उचलली, तिची शीर टोकापासून टोकापर्यंत ओढली. "चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरावरचं दिसायचं नाही."

"हो."

"मग तुझा चेहरा तिला दिसला नसेल."

बर्लने पातेलं खाली ठेवलं आणि दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. नेल्डा रडली नाही. तिने त्याच्या पातेल्यातल्या शेंगा आपल्या पातेल्यात ओतल्या आणि मोडायला घेतल्या. थोड्या वेळाने एक हात त्याच्या पाठीवर ठेवला, कोरडा, जड हात, आणि दुसऱ्याने काम करत राहिली. मी माझ्या वाट्याच्या शेंगा संपवल्या. दुसरं काय करणार होते?

खारवलेलं डुकराचं मांस घालून तिने तो घेवडा दुपारभर मंद आचेवर शिजवला, बरोबर मक्याचा पाव. आम्ही जेवलो. कसा झालाय म्हणून मी विचारलं, तर ती म्हणाली, "कळत नाही गं. मीठ बरोबर आहे ना?" मीठ बरोबर होतं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. नेल्डा अजूनही मध्येच बोलणं तोडून भिंतीकडे पाहते. बर्ल पाऊस लागला की ट्रेलरच्या पायरीवर उभा राहून ओढ्याकडे बघतो, आणि ती त्याला आत बोलावत नाही. कधी कधी मात्र ती बाहेर येऊन शेजारी उभी राहते.

सप्टेंबरात चर्चची जेवणावळ होती. पुरानंतर ती दोघं पहिल्यांदाच आली. नेल्डाने झाकलेलं मोठं भांडं आणून टेबलावर ठेवलं. लोक जपून बोलत होते, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं. म्हाताऱ्या झेल्फाबाईंनी झाकण उचललं, वास घेतला आणि विचारलं, "हा ऑर्फाचा घेवडा ना? मला वाटलं, तो गेला."

बर्ल हातातल्या ताटलीकडे पाहत राहिला.

"बर्लने लावलाय," नेल्डा म्हणाली.

झेल्फाबाईंनी डावभर वाढून घेतला आणि बर्लकडे वळल्या. "मग पुढच्या वर्षी मला बी देशील का रे?"

"देईन," बर्ल म्हणाला. "पण लावायचं कसं ते हिला विचारा."