धूर ज्या बाजूला लागला

मी पदवी बोलतेय. हसू नका. तळहाताएवढी आहे, कडेला सोनेरी नक्षी आहे, खाली लाल शिक्का आहे, आणि मधोमध छापलंय की नेल्वा तार्की ही वकील झाली. ती झाली नाही. होणारही नाही. आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करत बसणार नाही.

माझा जन्म ला पाझ शहराच्या डोंगरउतारावर, इलारिओ मास्तराच्या खोलीत झाला. एक जुनं छपाईयंत्र, एक खिडकी आणि जमिनीवर वाळत घातलेले आम्ही सगळे. डॉक्टर, इंजिनीयर, नर्स, पायलट. चोवीस जानेवारीला आमच्याकडे छोट्या वस्तूंचा बाजार भरतो. वर्षभरात जे हवं असेल ते माणसं त्या दिवशी बोटभर मापात विकत घेतात, दुपारी बाराच्या ठोक्याला त्याला धूर देऊन घेतात आणि मग मोठ्या मापात मिळायची वाट बघत बसतात. घर घेणारा खिडक्या किती ते मोजून बघतो. बॅग घेणारा चेन उघडून बघतो. पदवी घेणारा मात्र काहीच बघत नाही, सरळ नाव घालायला सांगतो. शिक्षणाबद्दल माणसं अशीच आहेत.

माझं स्वतःचं शिक्षण म्हणाल तर चार ओळी. जेवढ्या माझ्यावर छापल्या तेवढ्याच. पण चार ओळीवालीलाही डोळे असतात.

मला घेतलं दोन्या फेलिपाने. दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई. वर एल आल्तो नावाच्या वस्तीत एका चौकाच्या कोपऱ्यावर, आमच्याकडच्या बायका घालतात तशी गोल टोपी घालून, ती आपी विकते. जांभळ्या मक्याची दाट, गरम आपी, आणि बरोबर चीज भरलेली फुगीर पुरी. पहाटेपासून हमाल आणि ड्रायव्हर रांग लावतात. तो कोपरा तिच्या आईचा होता. पण दर दोन-तीन महिन्यांनी पालिकेचे शिपाई गाडी घेऊन यायचे, पातेलं उचलायची भाषा करायचे, तोंडावर कसलेसे कागद फेकायचे. फेलिपा तिसरीपर्यंत शिकलेली. ते कागद तिच्याने वाचून व्हायच्या आत शिपाई ओरडायला लागायचे. म्हणून तिला घरात वकील हवी होती. हौस नव्हती ती, गरज होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला वाईट ठरवाल.

त्या दिवशी तिच्याबरोबर तिची नऊ वर्षांची मुलगी नेल्वा होती. धूर देणाऱ्या यातिरीपुढे, म्हणजे आमच्या पुजाऱ्यापुढे, ही मोठी रांग. फेलिपा बारा वाजायच्या आत पुढे घुसायच्या नादात. मला तिने पोरीच्या हातात दिलं आणि सांगितलं, घट्ट धर, हे तुझं आयुष्य आहे.

पोरीने आपलं आयुष्य उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तिने खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि पुढच्या बाईच्या पाठीवर मला टेकवून लिहायला लागली. त्या बाईला वाटलं गर्दीत कुणी ढकलतंय, ती कोपर मारत राहिली, त्यामुळे अक्षर वाकडं आलं. पण आलं.

‘तळ्याच्या तळाशी एक बाजार भरतो. तिथं माणसांच्या सावल्या विकतात. एक बाई आपली सावली परत आणायला खाली गेली. टोपी काढली नाही.’

तेवढ्यात बाराचे ठोके पडले. फेलिपाने मला ओढून यातिरीपुढे केलं. यातिरीला एका मिनिटात चाळीस हात आवरायचे होते. त्याने मला धरलं ते धुराच्या हिशोबाने पालथं. सोनेरी नक्षी आभाळाकडे आणि पोरीचं वाकडं अक्षर धुपाटण्यावर. धूर खालून आला. माझ्या पाठीत शिरला. दारूचे थेंब आणि फुलांच्या पाकळ्या त्याने निखाऱ्यांवर टाकल्या, त्यांची वाफही तिकडेच गेली. माझी समोरची बाजू कोरडी ठणठणीत राहिली. हे मला कळलं, नेल्वाला कळलं. फेलिपा डोळे मिटून होती.

घरी आणून तिने मला एकेकोच्या छातीवर पिनेने टोचलं. एकेको म्हणजे फळीवरचा तो मिशाळ, गोबरा पुतळा, त्याच्या अंगावर घरातली सगळी मागणी लटकवतात. शुक्रवारी त्याच्या तोंडात पेटती सिगारेट देतात. तिच्या राखेने माझा एक कोपरा जळाला. नऊ वर्षं मी समोरची बाजू दाखवत तिथे टांगून होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फेलिपा सांगायची, ती बघा, आमची वकील. माझ्या पाठीवर काय आहे हे मिशाळालाही ठाऊक नव्हतं.

नेल्वा त्या कोपऱ्यावर वाढली, ते मी रात्री घरातल्या बोलण्यातून ऐकायची. पुऱ्या लाटता लाटता रांगेतल्या हमालांना गोष्टी सांगायची. सावल्यांच्या बाजारात तराजू कसा असतो, कोणाची सावली हलकी भरते, पहारेकरी मासे लाच काय घेतात. हमाल पेला रिकामा झाला तरी हलायचे नाहीत. फेलिपा ओरडायची, पोरी, तोंड आवर, रांग पुढे सरकत नाही. पण मासे लाच काय घेतात ते ऐकायला तिचीही पळी थांबायची. घरी मिशाळाजवळ बसून फेलिपा कधी कधी एकटीच हसायची, ते मी बघितलंय.

अठराव्या वर्षी नेल्वा खाली विद्यापीठात वकिलीला गेली. फेलिपाने मला पिनेवरून काढून पोरीच्या वहीत ठेवलं. शकुन आहे, बरोबर असू दे म्हणाली. तशी मी खूण म्हणून वह्यांमध्ये राहायला लागले. पहिल्या वर्षी कायद्याच्या पुस्तकात. दुसऱ्या वर्षी कायद्याचं पुस्तक दिसेनासं झालं. रोज सकाळी पोरगी रोपवेने खाली यायची, ग्रंथालयात एका खांबाजवळ बसायची आणि लिहायची. तळ्याचा बाजार. टोपीवाली बाई. पानं वाढत गेली, मी पुढे पुढे सरकत गेले. विद्यापीठ तिने सोडलं होतं. आईला सांगितलं नव्हतं. ते बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. आईच्या तोंडावर खरं बोलायला तिला राक्षसांशी लढण्यापेक्षा जास्त भीती वाटत होती, एवढंच म्हणेन.

विसाव्या वर्षी कादंबरी पुरी झाली. ती घेऊन नेल्वा ऑक्तावियो साहेबाकडे गेली. हा शहराच्या खालच्या, उबदार भागातला प्रकाशक. मी हस्तलिखितात होते, सगळं ऐकलं. त्याने वाखाणलं. पोरीत दम आहे म्हणाला. मग हळूच एकेक गोष्ट काढायला लागला. तळ्याऐवजी समुद्र करू. बाजाराऐवजी किल्ला. घेरदार परकर आणि गोल टोपी घातलेली आपीवाली पाण्याखाली जाते हे वाचकाला पटत नाही, तिला सरदाराची मुलगी करू. आणि नाव. तार्की हे आडनाव अशा पुस्तकावर शोभत नाही, काहीतरी परदेशी घेऊ.

नेल्वाने विचारलं, “तुम्हाला लाच घेणारे मासे पटले?”

“पटले की. कल्पना आहे ती.”

“आणि माझ्या आईची टोपी नाही पटली.”

तिने वह्या उचलल्या. साहेब म्हणाला, रागावू नकोस, विचार कर. ती म्हणाली, केला. रोपवेत ती रडली, पण मला भिजू दिलं नाही.

त्याच आठवड्यात शिपाई आले. गाडी कोपऱ्यावर लावली, कागद पुढे केला. नेल्वा मदतीला होती, आणि मी तिच्या पिशवीत. फेलिपाने परकराला हात पुसले आणि वर्षानुवर्षं मनात घोकलेलं वाक्य ऐटीत टाकलं, “मला नका दाखवू. माझ्या वकिलाला दाखवा.”

शिपाई वळून म्हणाला, “बोला मग, वकीलबाई.”

सगळी रांग बघायला लागली. नेल्वाच्या हाताला पीठ लागलेलं. ती म्हणाली, “मी वकील नाही. सोडलं मी. मी कादंबरी लिहिते.”

शिपाई हसले. रांगेतलेही दोघंतिघं हसले. फेलिपाचा चेहरा असा झाला की पातेल्यातली आपीसुद्धा उकळायची थांबली असेल. पण पळी तिने शिपायाच्या छातीवर रोखली.

“हिला हसायचा हक्क माझा आहे. तुझा नाही. पेला घे नाहीतर रांग सोड.”

नेल्वाने तो कागद घेतला आणि मोठ्याने, सावकाश, गोष्ट वाचावी तसा रांगेला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की ग्राहक असताना सामान उचलू नये. मग काय, हमालांनी दुसरा पेला मागितला, मग तिसरा. दुपारपर्यंत रांग संपेना. शिपाई गाडी घेऊन गेले. कोपरा राहिला.

घरी आल्यावर मात्र फेलिपाने पोरीची पिशवी उलटी केली. वह्या पडल्या आणि वहीतून मी. पालथी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला माझी पाठ दिसली. ती एकेक अक्षर लावत वाचायला लागली. टोपीवर येऊन थांबली.

“हे कधी लिहिलंस?”

“रांगेत. बारा वाजायच्या आधी.”

“म्हणजे धुराच्या आधी.” तिने मला उजेडात धरलं. पाठ तपकिरी, समोरची बाजू पांढरीफटक. “मी वकील मागितली होती.”

“त्याने पालथं धरलं, आई.”

फेलिपाने टोपी चढवली, मला मुठीत घेतलं आणि तडक खाली यातिरीकडे गेली. म्हातारा उन्हात बसून कोकाची पानं निवडत होता. तिने मला त्याच्या नाकासमोर धरलं. चूक तुझी, बदलून दे म्हणाली. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं.

“बाई, बारा वाजता जी बाजू खाली येते ती येते. पोरगी काय करते?”

“मागे लिहिलंय तेच. पाचशे पानं करून ठेवलीत.”

“मग माझा धूर चाललाय की. भांडायला कशाला आलीस?”

ती तिथेच पायरीवर बसली. मग त्याला म्हणाली, पोरीने शिपायांना आज कागद वाचून दाखवला ना, मला वाटलं वकिलीतलं काहीतरी आलं. पण तिने गोष्टीसारखा वाचला. आणि लोक हलेनात. हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पण मुठीतली पकड सैल झाली होती.

तिथून ती इलारिओ मास्तराकडे गेली. मोजकं बोलली. येत्या जानेवारीला पुस्तक हवं. बोटभर. पहिला भाग मावेल तेवढा, वह्या पोरगी आणून देईल. वर चित्र टोपीवाल्या बाईचं आणि खाली नाव पूर्ण, नेल्वा तार्की, ठळक. मास्तर म्हणाला, दोन्या, बाजारात माणसं मोठ्या वस्तूची छोटी नक्कल घेतात, हे मोठं कुठाय? फेलिपा म्हणाली, “मी घेतली तेव्हा ही पदवी तरी कुठं मोठी होती?”

चोवीस जानेवारीला ती स्वतः विकायला बसली. आपी विकावी तसं पुस्तक विकलं. घ्या ताई, पोरं शहाणी होतात, नाही झाली तर निदान गप्प बसून वाचतात. अकराच्या सुमाराला ती रांगेत शिरली, एक पुस्तक हातात आणि मी बरोबर. त्याच यातिरीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “दोन्ही बाजूंनी दे. मी डोळे उघडे ठेवलेत.”

पहिला भाग टोपीवाली पाण्यात पाय घालते तिथे संपत होता. पंधरा दिवसांत लोक कोपऱ्यावर येऊन विचारायला लागले, बाई परत येते का. एक ड्रायव्हर तर रोज विचारायचा आणि फेलिपा रोज सांगायची, मलाही नाही सांगत कारटी. शेवटी इलारिओ मास्तराने आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या मापाची वस्तू छापली. अख्खी कादंबरी. तो गठ्ठा आपीच्या पातेल्याशेजारी लागला. कितीतरी प्रतींवर जांभळे डाग आहेत. लोक डागवालीच मागून घेतात.

मग ऑक्तावियो साहेब रोपवेने वर आला. थंडीत कुडकुडत रांगेत उभा राहिला. आता टोपी चालेल म्हणाला, तळंही चालेल. नेल्वा पुऱ्या लाटत राहिली. फेलिपाने पुस्तक त्याच्यापुढे धरलं.

“आधी नाव वाचा. पूर्ण. रांगेला ऐकू जाऊ दे.”

त्याने वाचलं. हमालांनी मान डोलावली. मग तिने त्याला पेला भरून दिला.

नेल्वा आता चोवीस वर्षांची आहे. दुसरं पुस्तक चालू आहे, त्यात शिपाई मासे झालेत. कोपऱ्यावरच्या कागदांचं वाचन तीच करते. मी पुन्हा मिशाळाच्या छातीवर आहे. कोपरा जळालेला, नक्षी उडालेली. फेलिपाने स्वतःच्या हाताने मला पिनेने टोचलं, पाठ बाहेर करून. वकील भिंतीकडे तोंड करून बसलीय.

तुम्ही कधी बाजारात गेलात, पोरासाठी काही घेतलंत, तर घ्या, माझी ना नाही. फक्त रांगेत एकदा त्याच्या हातात द्या, आणि त्याच्याकडे पेन्सिल असेल तर हिसकावू नका. आणि फेलिपाच्या घरी आलात, मला पालथी टांगलेली पाहिलीत, तर सरळ करायला हात लावू नका. मी सरळच आहे.