काकांचा कान

ताईंच्या दवाखान्यात कान दुखतो म्हणून गेलेल्याला आधी तोंड उघडावं लागे. "अहो, कान दुखतोय, दात नाही," असं कोणी म्हटलंच तर ताईंचं उत्तर ठरलेलं असे, "कान कुठे पळून जातोय? आधी आ करा." कानात टॉर्च घालून बघायला त्यांना अर्धं मिनिट पुरे. पडदा लाल दिसला, मळ साचलेला दिसला, तर प्रश्नच मिटला. पण कान स्वच्छ आणि तरी ठणकतोय, म्हणजे दुखणं दातात नाहीतर घशात असणार, आणि तिथे कानात थेंब टाकणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पोटाचंही तसंच. जळजळतंय म्हणून आलेल्याला त्या जेवणापासून शौचाच्या रंगापर्यंत सगळं विचारत. लोक लाजत, वैतागत, पण सांगत. आणि बरे होऊन जात, हे कबूल करायला हवं.

हे सगळे नियम पेशंटांसाठी. कंपाउंडरकाका पेशंट नव्हते.

काका ताईंच्या वडिलांच्या वेळचे. ताई शाळेच्या दप्तरासकट दवाखान्यात यायच्या तेव्हाही औषधाच्या खिडकीमागे काकाच असत. आता वडील गेले, ताईंचे केस पांढरे झाले, तरी काका तिथेच. चारचौघांत ते त्यांना मॅडम म्हणत, एकटे असले की ताई. ताईंचं अक्षर वाचू शकणारा जगाच्या पाठीवरचा हा एकच माणूस. खुद्द ताईंनाही ते दुसऱ्या दिवशी लागत नसे.

दोन महिन्यांपूर्वी एक पेशंट बाहेर पडताना आणि दुसरा आत येताना काका दारात उभे राहून म्हणाले होते, "ताई, डावा कान जरा ठणकतोय." ताईंनी मान वर न करता सांगितलं, "दोन थेंब टाका, काका. पुढचं कोण आहे?" पुढचं कोणीतरी आलं आणि काकांचा कान तिथेच राहिला.

त्या सकाळी ताईंनी घंटी वाजवली, तर आत कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. शेवटी त्या उठून बाहेर आल्या. काका पेशंटांच्या बाकावर बसले होते, एक शिक्षिका आणि एक सुतार यांच्या मधोमध, हात मांडीवर ठेवून.

"मॅडम, काकांचा आज तिसरा नंबर आहे," सुतार म्हणाला आणि सगळे हसले. ताईही हसल्या. "काय काका, आज आम्हाला परीक्षा द्यायला लावताय की काय?"

काका हसले नाहीत. ताईंचं लक्ष त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या नखांकडे गेलं. त्या पुढे झाल्या, अंगठ्याने त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत लाली म्हणून नव्हती.

हाताला धरून त्यांनी काकांना आत नेलं आणि तपासायच्या टेबलावर झोपवलं. काका संकोचाने पाय आखडून घेत म्हणाले, "अहो ताई, बाहेर अकरा माणसं बसलीत."

"बसू देत. आ करा."

डावीकडची शेवटची दाढ किडून पोकळ झाली होती, हिरडी सुजली होती. कानाचा पडदा मात्र आरशासारखा स्वच्छ. नाडी धावत होती. उठवून बसवलं तर रक्तदाब एकदम खाली आला.

"थेंब टाकले होते?"

"टाकले की. तुम्हीच सांगितलंत."

"आणि मग?"

"थांबेना, म्हणून दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. दिवसाला तीन."

"किती दिवस?"

"तेव्हापासून."

"पोटात जळजळलं असेल."

"जळजळलं ना. मग त्याची गोळी सुरू केली. तुम्ही देताच की सगळ्यांना." काकांच्या स्वरात तक्रार नव्हती, उलट काम चोख केल्याचा थोडा अभिमानच होता. "मग चेहरा फिकट दिसायला लागला, चढ चढताना धाप लागायची. म्हणून लोहाच्या गोळ्या घेतल्या."

ताईंनी त्यांच्या बेंबीच्या वर दाबलं तसे काका कळवळले.

"शौचाला कसं होतं?"

"ताई, आता तुमच्यासमोर काय..."

"काका!"

"काळं होतं," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "डांबरासारखं. चिकट. पण लोहाच्या गोळ्यांनी होतंच की काळं, तुम्हीच बायकांना सांगता, घाबरू नका म्हणून."

"काळं आधी झालं, की गोळ्या आधी?"

काकांनी बोटांवर दिवस मोजले. "काळं आधी," ते म्हणाले.

तीस-पस्तीस वर्षं ताईंच्या चिठ्ठ्या वाचून काका शिकले होते. ठणक्याला ही बाटली, जळजळीला ती, अशक्तपणाला शेवटची. एकही औषध त्यांनी उगाच घेतलं नव्हतं. फक्त ताई चिठ्ठी लिहिण्याआधी जे प्रश्न विचारत, ते दाराच्या आतले. खिडकीपर्यंत ते कधी पोचलेच नव्हते. दाढ कुजत राहिली, गोळ्यांनी पोटात जखम केली, आणि अकरा माणसांना औषधं बांधून देणारा माणूस उभ्या उभ्या आतून रक्त गमावत होता. ताईंना स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर त्यांना समोरचं धड दिसेना.

त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. बाहेर येऊन सांगितलं, "आज दवाखाना बंद. ज्यांना ताप आहे त्यांनी चौकातल्या डॉक्टरांकडे जा." कोणी कुरकुर केली नाही. सुताराने तर काकांना उचलायला हात लावला.

काका वाटेत म्हणत होते, "खोकल्याचं औषध वरच्या फळीवर आहे हं ताई, तुम्हाला सापडणार नाही." ताई नाडीवर बोट ठेवून बसल्या होत्या. नाडी कधी बोटाखाली लागायची, कधी हरवायची. काकांनी बोलत राहावं, एवढंच त्यांना वाटत होतं.

हॉस्पिटलात नळी घालून जखम शोधली, तिथलं रक्त थांबवलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. अजून अर्धा दिवस गेला असता तर अवघड होतं, असं तिथले मोठे डॉक्टर म्हणाले. दाढ नंतर काढायची ठरली. काकू धावत आल्या, ताईंना बघून आधी रडल्या आणि मग चिडल्या. "मी म्हणत होते, ताईंना एकदा दाखवा. तर म्हणायचे, रोज तर समोरच असतो त्यांच्या."

संध्याकाळी काकांच्या गालावर जरा रंग आला. एक तरुण डॉक्टरीण फॉर्म भरायला खाटेशी आली. वय, वजन, आधीचे आजार, सगळं तिने काकांनाच विचारलं. ताई शेजारी स्टुलावर होत्या.

"काका, तुम्हाला नेहमी कोण तपासतं? म्हणजे तुमचे फॅमिली डॉक्टर कोण?"

ताईंनी बोलायला तोंड उघडलं. पण काकांनी आधीच उत्तर दिलं होतं, प्रामाणिकपणे, नीट आठवून, कोणाचंही मन दुखवायचा विचारही मनात नसताना.

"कोणी नाही, बेटा. मी दवाखान्यातच असतो ना."

डॉक्टरीण लिहायची थांबली. ती ताईंना ओळखत होती. तिच्या आजीचे कान ताईंनीच बरे केले होते. तिने गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं.

"ते म्हणाले तसंच लिही," ताई म्हणाल्या.