बर्फावरची सहा गाणी

मन्मथ बिराजदार लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा आणि उरलेल्या वेळात ब्लॉगवर थ्रॅश, डेथ मेटल अशा कर्कश रॉक संगीताच्या नव्या अल्बमांची सालं काढायचा. नावाजलेल्या बँडांकडे तो ढुंकूनही बघत नसे. घरच्या खोलीत रेकॉर्ड करून स्वतःच इंटरनेटवर टाकलेले अल्बम, हेच त्याचं गिऱ्हाईक. इंदूरच्या एका बँडबद्दल त्यानं लिहिलं होतं, ‘गायकाला राग आलेला नाही, पित्त झालं आहे.’ वाचणारे खूश व्हायचे, बँडवाले शिव्या घालायचे. त्याला दोन्ही सारखंच आवडायचं.

नांदेडच्या ‘हिमप्रेत’चा पहिला अल्बम आला. सात गाण्यांचा. इंग्रजी शब्द, बर्फाची वादळं, लांडगे, उत्तरेकडचे समुद्र. मन्मथनं एका दमात लिहून टाकलं: ‘नांदेडात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं. या मंडळींनी बर्फ पाहिला तो रसवंतीवर. गिटार म्हणजे गिरणीचा भिजलेला पट्टा. ड्रम सरळसरळ कॉम्प्युटरनं वाजवलेत. एवढा वेग माणसाचा नसतो, नांदेडच्या माणसाचा तर नसतोच.’

आठवड्याच्या आत फोन आला.

“मन्मथ सर का? मी विशाखा. हिमप्रेतमधी ड्रम मीच वाजवते.”

ड्रमवर बाई असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. “बरं, मग?” तो म्हणाला.

“गाण्यांला शिव्या द्या, माझं काही म्हणणं न्हाई. पण मशीन म्हणून लिहिलं ते खोटं हाय. रविवारी या, डोळ्यानं बघा.”

“मला तेवढाच धंदा आहे का?”

“शिव्या द्यायला टाइम हाय, बघायला न्हाई?”

तिला तोंडावर पाडायची संधी आहे, एवढ्याचसाठी तो नांदेडला गेला.

लोहा रोडवरच्या कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये बँडचा सराव चालायचा. गिटार वाजवून गाणारा आदर्श दारातच उभा होता. त्यानं पाणीसुद्धा विचारलं नाही. विशाखा तिशीची, मुदखेडकडच्या शेतकरी घरातली, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. तिनं केसांना रुमाल बांधला, चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी ड्रमचं पेडल दाबायला सुरुवात केली.

पत्रे थरथरायला लागले. पहिली सहाही गाणी त्यांनी ओळीनं वाजवली. मन्मथ चूक शोधत होता आणि ती त्याला सापडली. तिसऱ्या गाण्यात एका वळणावर ती जरा घाई करायची आणि लगेच सावरायची. त्यानं इअरफोन घालून अल्बममधली तीच जागा लावली. तिथंही तीच घाई. मशीन घाई करत नाही. त्याला आणखी पुरावा नको होता आणि याचाच त्याला राग आला.

“सातवं गाणं ऐकलं का?” विशाखानं विचारलं.

तो इअरफोनची वायर गुंडाळायला लागला. चौथ्या गाण्यावरच त्यानं अल्बम बंद केला होता.

“न्हाई ऐकलं,” ती आदर्शला म्हणाली. “तोंडावरूनच दिसून राहिलं.”

मग त्यांनी ते वाजवलं. शब्द मराठी, विशाखानं लिहिलेले. रक्ताच्या नळ्यांवर दिवसभर नावं चिकटवणाऱ्या बाईचं गाणं. त्यातलं कोण वाचणार नाही, हे तिला घरच्यांच्या आधी कळतं. मन्मथच्या अंगावर काटा आला. कुणाला दिसू नये म्हणून त्यानं हाताची घडी घातली.

“आता काय म्हणता?” आदर्शनं छाती पुढं काढली.

“ड्रम खरे आहेत, हे मी लिहीन. सातवं गाणं खणखणीत आहे. बाकीची सहा भिकार होती, भिकारच आहेत.”

“बाहेरच्या देशात हेच चालतं, सर! तुम्हाला लातुरात बसून काय कळतं?”

“मी दोन वर्षांपासून हेच म्हणून राहिले, आदर्श,” विशाखा म्हणाली. “आपला आन् बर्फाचा काय संबंध हाय?”

आदर्शनं गिटारची वायर उपटली. “लॅबमधी काम करती म्हणून रक्तावर गाणं! उद्या लघवीवर लिहिशील!” असं ओरडत तो गाडीला किक मारून निघून गेला.

परतीच्या एसटीत मन्मथनं मोबाइलवर लिहिलं: ‘हिमप्रेतचे ड्रम माणसानं वाजवले आहेत. मी चार गाणी ऐकून सात गाण्यांवर निकाल दिला, ही हरामखोरी होती. आता सातही ऐकली. सहा फेकून द्या.’ खाली वाचकांनी लिहिलं, सर मऊ पडले. त्यानं त्यांनाही मूर्ख म्हटलं.

पंधरवड्यानं क्लासच्या स्टाफरूममध्ये असताना विशाखाचा फोन आला.

“बँड मोडला, सर. ‘हिमप्रेत’ हे नाव आदर्श घेऊन गेला.”

मन्मथचा आवाज उतरला. “माझ्यामुळे?”

“तुमच्यामुळं?” ती हसली. “तुमची एवढी ऐपत न्हाई. आम्ही दोन वर्षांपासून भांडूनच राहिलतो. नाव घेऊन गेला ते बरंच झालं, मला ते कधीच आवडलं न्हाई.”

तिनं फोन ठेवला. इतका चोख अपमान मन्मथला स्वतःलाही कधी लिहिता आला नव्हता. तो मोठ्यानं हसला, आणि केमिस्ट्रीचे सर चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिले.