तिसऱ्या दिवसाच्या आधी

कायद्याच्या हिशेबाने स्तामेन पावलेव पुढच्या आठवड्यात यायला हवा होता. तो सोमवारीच आला आणि पायपुसण्यावर बूट न पुसता सरळ औषधाच्या दुकानाच्या काउंटरपाशी उभा राहिला. मिग्लेना कारास्तोयेवाने प्रथम त्याच्या लाल मातीने माखलेल्या बुटांकडे पाहिले, मग हातातल्या पिवळ्या चिठ्ठीकडे, आणि सर्वांत शेवटी चेहऱ्याकडे. चेहरा हा पुरावा म्हणून फारसा उपयोगाचा नसतो, असे तिचे जुने मत होते.

"नमस्कार, मागिस्तरबाई. आईच्या पट्ट्या द्या."

औषधशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला त्या डोंगरात सगळे मागिस्तर म्हणत. नावाने हाक मारण्याची सलगी फक्त तिच्या मदतनीस त्सोन्काला होती.

"मागच्या पेटीतल्या संपल्या?"

"एक पाठीवर आहे, एक घरात. ती लावली की संपलं."

"एक पट्टी तीन दिवस चालते, स्तामेन."

"ते तुमच्या कागदावर. आईच्या अंगावर दीड दिवस चालते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती अशी ओरडते, की शेजाऱ्याचं कुत्रं घर सोडून जातं."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"डॉक्टर महिन्यातून एकदा वर येतात. आईला रोज दुखतं."

डॉक्टर महिन्यातून एकदाच येत, म्हणूनच पुढची चिठ्ठी आधी लिहून ठेवत. चिठ्ठी खरी होती, शिक्का खरा होता, सहीही ओळखीची होती. पण चिठ्ठी हाती असणे आणि औषध हाती पडणे, या दोहोंच्या मध्ये कायद्याने एक लोखंडी कपाट ठेवले होते, आणि त्याची किल्ली मिग्लेनाच्या गळ्यात होती. त्या कपाटात फेंटानिलच्या पट्ट्या असत. त्वचेवर चिकटवली की पट्टीतले औषध संथपणे झिरपते आणि कर्करोगाने हाडे पोखरलेल्या माणसालाही झोप लागते. हीच पट्टी शहरातल्या नाचघरांच्या मागच्या गल्लीत गेली, की तिचे भाव वेगळे आणि परिणामही वेगळे.

"नेमलेल्या दिवसाच्या आधी मला देता येत नाही," ती म्हणाली.

"येत नाही की द्यायच्या नाहीत?"

"दोन्ही."

"बरं." स्तामेनने चिठ्ठीची घडी घातली. "मग आईला सांगतो, मागिस्तरबाई म्हणतात तारखेपर्यंत दुखवून घेऊ नकोस."

तो वळला तेव्हा मिग्लेनाने हाक मारली. "वापरलेल्या पट्ट्या कुठे टाकतोस?"

"चुलीत. का?"

"सगळ्या?"

"आईच्या पाठीवरचं प्लास्टर आहे ते, लग्नाचा फोटो नव्हे जपून ठेवायला."

"यापुढे जपून ठेव. वापरलेल्या आणून दाखव, मग बोलू."

तो चिठ्ठी खिशात कोंबून बाहेर पडला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

"चुलीत जाळतो म्हणे," मागच्या खोलीतून त्सोन्का म्हणाली. ती ऐकत होती हे सांगण्याची गरज नव्हती. ती नेहमीच ऐकत असे. "सोयीची चूल आहे."

"जाळायला बंदी नाही."

"ट्रक घेतलाय, पाहिलास ना?"

"जुना आहे तो."

"त्याच्यासाठी नवाच. आणि अंगणात शहरातली पोरं येतात, मोठ्या गाड्या घेऊन. म्हणे जुनी कौलं विकत घेतात! शहरातल्या माणसाला आमच्या पडक्या घरांची कौलं कशाला गं?"

"हॉटेलांच्या भिंतींना लावतात."

"आणि तुझा विश्वास बसला?"

मिग्लेनाचा विश्वास बसला नव्हता. अविश्वासही बसला नव्हता. विद्यापीठात शिकलेली एकच गोष्ट तिने मुरवून घेतली होती: तर्क लढवण्याआधी पर्याय मांडावेत. एक, म्हातारीला खरोखरच मात्रा कमी पडते. दोन, मुलगा स्वतः पट्ट्या वापरतो. तीन, मुलगा त्या विकतो. तिने डॉक्टरांना फोन लावला.

"मात्रा कमी आहे?" डॉक्टर म्हणाले. "अहो, नर्स सकाळी जाते तेव्हा झाफिराआजी हलवूनसुद्धा उठत नाही. ढाराढूर झोपणाऱ्या बाईची मात्रा मी कशी वाढवू?"

"आणि दुसऱ्या दिवशी ओरडते म्हणतात."

"मुलगा म्हणतो. नर्सने ऐकलेलं नाही."

मिग्लेनाने फोन ठेवला आणि पहिल्या पर्यायावर मनातल्या मनात काट मारली. उरलेल्यांपैकी तिसऱ्यात सगळे चपखल बसत होते. नवी पट्टी लावली की म्हातारी गाढ झोपते. दिवस उलटला की मुलगा ती सोलून काढतो. वापरलेल्या पट्टीत अजून पुष्कळ औषध शिल्लक असते, हे त्या गल्ल्यांतल्या पोरांना औषधनिर्मात्यांइतकेच ठाऊक असते. मग म्हातारी ओरडते, आणि ती ओरडते हे सांगून मुलगा नव्या पट्ट्या मागतो. ओरडणे खरे, झोपही खरी, आणि दोहोंच्या मधली चोरीही खरी. एवढे नेटके उत्तर तिला सहसा मिळत नसे, आणि म्हणूनच ते तिला थोडे खटकले. पण खटकणे हा काही पुरावा नव्हे.

दरीतल्या गावचा औषधविक्रेता तिच्या वर्गातला. कुणा रडणाऱ्या सुनेवर दया येऊन त्याने दोनदा आठवडाभर आधी पेटी दिली. पट्ट्या नाचघरात सापडल्या, परवाना गेला, आणि आता तो मेहुण्याच्या दुकानात कोंबड्यांचे खाद्य विकत होता. निरीक्षकांनी त्याला विचारलेला प्रश्न सगळ्या डोंगरात पसरला होता: "सून रडत होती, हे तुम्ही कुठे नोंदवलंत?"

बुधवारी दुपारी स्तामेन पुन्हा आला. या वेळी त्याने बूट पुसले, आणि मिग्लेनाला तेही संशयास्पद वाटले. त्याने मिरचीच्या चटणीची धुतलेली रिकामी बरणी काउंटरवर आपटली.

"घ्या. तुमचा खजिना. चुलीच्या राखेच्या डब्यात दोन मिळाल्या न जळलेल्या, आणि तिसरी आज सकाळी पाठीवरून काढली."

"आणि घरातली शेवटची?"

"तीच लावलीय आता. तिच्यानंतर घरात काही नाही. मग रात्री तुम्ही या आमच्याकडे, तिला कायदा वाचून दाखवायला."

मिग्लेनाने हातमोजे चढवले, चिमट्याने एक पट्टी उचलली आणि दिव्याखाली धरली. पट्टीवर लाल धूळ होती. तिला प्रथम त्याचे अंगण आठवले, कौलांचे ढीग, मोठ्या गाड्या.

"ही धूळ कसली?"

"कसली म्हणजे? कौलाची."

"आईच्या पाठीवर कौलाची धूळ?"

"मी कौलांचा धंदा करतो, मागिस्तरबाई. आमच्या डाळीतसुद्धा कौलाची धूळ असते."

मागून त्सोन्का नाकाने हसली. पट्ट्या अंगणात हाताळल्या गेल्या, एवढे मिग्लेनाने मनात टिपले. पण पट्टी अजून चिमट्यातच होती, आणि पाहणे पूर्ण झाल्याखेरीज निष्कर्ष काढायचा नाही, या सवयीने तिने ती उलटी केली. धूळ चिकट बाजूला नव्हती. सोललेली पट्टी मळक्या हाताने हाताळली असती, तर धूळ आधी तिथे बसली असती. ती वरच्या, गुळगुळीत बाजूला होती, आणि भुरभुरलेली नव्हती. दाबून बसलेली होती. कडांचा डिंक वितळून बाहेर ओघळला होता. त्या ओघळात करड्या लोकरीचे तंतू रुतले होते, आणि पट्टीच्या सगळ्या वरच्या बाजूवर जाड विणीचा ठसा स्पष्ट उमटला होता, मेणावर शिक्का उमटावा तसा.

डिंक आपण होऊन वितळत नाही.

तिने दुसरी पट्टी पाहिली, मग तिसरी. तोच ठसा.

"स्तामेन, पट्टी कुठे लावतोस? नेमकी जागा दाखव."

त्याने हात मागे नेऊन कमरेच्या मणक्यावर ठेवला. "जिथे दुखतं तिथे."

"दंडावर किंवा छातीवर लावायची, असं सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंत. पण दुखतं पाठीत, तर दंडाला लावून काय दंडाची समजूत काढू? पाठदुखीवरचं मिरचीचं प्लास्टर कुणी दंडाला लावतं का?"

"आणि वरून?" आपला आवाज बदललेला तिला स्वतःला ऐकू आला. "पट्टीच्या वरून काय ठेवता?"

"काय ठेवणार? कौल."

"गरम?"

"गारठलेलं ठेवून काय उपयोग? चुलीत तापवायचं, लोकरीच्या घोंगडीत गुंडाळायचं, पाठीशी द्यायचं. आजीने आजोबांना दिलं, आईने बाबांना. तुमच्या घरी काय देतात, बर्फ?"

"गरम काही लावू नका, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं!"

"तुम्ही म्हणालात, विजेची गादी नको, गरम पाण्याची पिशवी नको, गरम पाण्यात बसवू नका." स्तामेनने बोटांवर मोजत यादी म्हणून दाखवली, एकही कलम चुकले नव्हते. "वीज आमच्याकडे निम्मा दिवस नसते. पिशवी नाही. टब तर नाहीच. हे कौल आहे."

माहितीपत्रकात कौल नव्हते. ते पत्रक ज्या देशात लिहिले गेले तिथे कुणी कौल तापवत नसावे, आणि मिग्लेनाने ते जसेच्या तसे वाचून दाखवले होते. तिची स्वतःची आजी दर हिवाळ्यात कौल घेऊन झोपायची. उष्णतेने पट्टी तीन दिवसांचे औषध भराभर ओतून टाकते: आधी जडशीळ झोप, मग रिकामी पट्टी, मग ओरडणे. काट मारायच्या पर्यायांत हा पर्याय तिने लिहिलाच नव्हता.

"आज सकाळी नवी पट्टी लावलीस. वर कौल ठेवलंस?"

"दोन," स्तामेन म्हणाला. "आज फार दुखत होतं. आणि तुम्ही पट्ट्या दिल्या नाहीत, मग ही तरी नीट लागू व्हावी म्हणून चांगली लालबुंद तापवून..."

"घरी कोण आहे?"

"कुणी नाही. झोपली, म्हणून तर निघालो."

मिग्लेना काउंटरच्या बाहेर आली होती. "त्सोन्का, रुग्णवाहिका बोलाव, पावलेवांच्या घरी. सांग, फेंटानिलची मात्रा जास्त झालीय, श्वास मंदावला असेल, उतारा घेऊन या. स्तामेन, ट्रक."

"काय झालं? अहो, झालं काय?"

"गाडीत सांगते."

गाडीत तिने सांगितले आणि स्तामेनने त्यानंतर एकही गतिरोधक जुमानला नाही.

खोलीत चूल धगधगत होती. झाफिराआजी कुशीवर पडली होती, पाठीशी घोंगडीची दोन गाठोडी, चेहरा शांत. तो शांतपणा मिग्लेनाला मुळीच आवडला नाही. तिने गाठोडी ओढून जमिनीवर टाकली. एकातले कौल फुटल्याचा आवाज झाला. पाठ भाजल्यासारखी लाल होती. तिने पट्टी सोलली, ओल्या फडक्याने जागा पुसली, आजीला उताणे केले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तिने छातीकडे पाहत श्वास मोजले, आणि आकडा तिला पसंत पडला नाही. उतारा रुग्णवाहिकेत होता, आणि रुग्णवाहिका दरीत.

"आजी! श्वास घ्या!"

काही नाही. तिने हनुवटी वर केली, खांद्याला जोराने चिमटा काढला. म्हातारीने एक लांब, अनिच्छेचा श्वास घेतला, कुणीतरी उसना मागितल्यासारखा.

"हाक मार तिला," ती स्तामेनला म्हणाली. "थांबू नकोस. झोपू द्यायचं नाही."

"आई! ए आई! तुझी शेळी कोबीत शिरली बघ!"

पापण्या हलल्या. "...कुणाच्या कोबीत?"

"आपल्या!"

"मग मार तिला," आजी पुटपुटली आणि पुन्हा बुडाली. ते दोघे आळीपाळीने तिला वर काढत राहिले. शेळी झाली, न मिटलेली भांडणे झाली, मेलेल्या नणंदेची निंदा झाली. निंदेवर आजी सर्वांत जास्त शुद्धीवर येई. स्तामेनचा आवाज बसला होता आणि तो अजून ओरडतच होता, तेव्हा दाराबाहेर गाडी थांबली.

उताऱ्याचे इंजेक्शन दिल्यावर आजीने डोळे उघडले आणि पहिली गोष्ट केली ती ओरडण्याची. दुखणे पूर्ण परतले होते. दुसरी गोष्ट म्हणजे तिने हात मागे नेऊन चाचपले.

"माझं कौल कुठंय?" तिची नजर खोलीभर फिरून हातमोजे घातलेल्या परक्या बाईवर स्थिरावली. "हिनं घेतलं. स्तामेन, ही कोण? हिचे हात बघ आधी."

"मागिस्तरबाई आहेत, आई. पट्ट्यावाल्या."

"हीच का ती, पट्ट्या न देणारी? आणि आता कौलही नेते?"

दोन्ही आरोप खरे होते. रुग्णवाहिकेतले लोक आजीला स्ट्रेचरवर घेत होते. पुढची मात्रा आता इस्पितळ ठरवणार होते, कौलाशिवाय. स्तामेन तोंड धुऊन आला.

"तुम्हाला वाटलं मी विकतो," तो म्हणाला.

"हो."

"अजून वाटतं?"

तिने विचार केला. "नाही. पण आई इस्पितळातून घरी आली की वापरलेल्या पट्ट्या मला आणून दाखवायच्या. आणि दंडावर लावायची."

मिग्लेनाने टेबलावरून मघाशी सोललेली पट्टी हातमोज्यातल्या बोटांनी उचलली, घडी घालून चिकट बाजू आत केली आणि खिशातल्या रिकाम्या डबीत टाकून झाकण लावले. तिच्यात अजून औषध होते. कायद्याने ती साक्षीदारासमोर नष्ट करायची होती.

स्तामेनची नजर डबीवर खिळली होती.

"ती कुठे नेताय?"

"दुकानात, इस्पितळाच्या वाटेवरच. नष्ट करायला."

"आणि ती नष्टच केली, हे मला कसं कळणार?" तो दारात आडवा उभा राहिला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "पोचपावती द्या. नाहीतर मीही येतो बघायला."

मिग्लेनाने त्याच्याकडे पाहिले. या वेळी तिने सुरुवात चेहऱ्यापासून केली.

"चल," ती म्हणाली. "मला साक्षीदार लागणारच आहे."