गोफणीनं चढवलेली तार

सव्वातीन वाजले होते. राजकुमारचा मदतीचा ट्रक चारला छावणीतून निघणार होता. ट्रकमध्ये सलाइनच्या बाटल्या होत्या, ताडपत्र्या होत्या. भूकंप झालेल्या गावाला दोन रस्ते जात होते, आणि त्यातला कुठला चालू आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चुकीचा धरला तर तीन तास वाया.

सकाळच्या हादऱ्यात तिकडचे मोबाइल टॉवर बंद पडले होते. गावात सुयश नावाचा एक हॅम ऑपरेटर, म्हणजे परवाना असलेला हौशी रेडिओवाला, बॅटरीवर रेडिओ लावून बसला होता, पण त्याच्या क्षीण आवाजातले शब्द पुण्या-नागपूरच्या ऑपरेटरांना कळत नव्हते. पडेगाव जवळ, म्हणून तिथल्या सरिताला सुयश ऐकू आला असता; राजकुमारनं तिलाच फोन करून विचारलं होतं. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सरितानं सहा वर्षांपूर्वी परवाना काढला होता, आणि खरा निरोप आजवर एकही आला नव्हता. तो आज यायचा, तर गच्चीच्या डांबरकामासाठी तिनं कालच अँटेना उतरवून ठेवलेला!

गच्चीवर डांबर अजून ओलं. अँटेनाची तार टांगायला उरला अंगणातला कडुलिंब. दगड मोज्यात घालून तिनं सुतळीला बांधला. गुंता नको म्हणून सुतळी बादलीत वेटोळी घालून ठेवली. साठ अंशाचा कोन धरून दगड भिरकावला. तो शेजारच्या पत्र्यावर धाडकन आदळला. दुसराही तिथंच.

"सरिता, कैऱ्या पाडायलीस का?" शेजारच्या लीलाबाई गच्चीवरून ओरडल्या. "झाड लिंबाचं हाय गं!"

तिसऱ्या वेळी सुतळी सरिताच्याच वेणीत अडकली.

ओट्यावर बसलेल्या सासूबाई, आवडाबाई, हसून हसून खोकायला लागल्या. "सर बाजूला. तुझा कोन राहू दे वहीत."

त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी कापली आणि मधे जुन्या परकराचा तुकडा बांधला. "लग्नाआधी गंगापूरला ज्वारी राखायचे मी. पाखरू उडायच्या आत दगड पोचायचा."

"आई, पण तुमचा खांदा..."

"खांदा माझा हाय."

पदर खोचून त्यांनी सुतळी बांधलेला दगड गोफणीत ठेवला आणि ती गरगर फिरवली. लीलाबाई कठड्याआड बसल्या. पहिला दगड टाकीवर ठण्णकन वाजला. दुसरा शेंड्यावरून सुसाट गेला आणि लीलाबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत पडला.

"माझ्या कुरडया!"

"कुरडया मागनं मोज! आधी सुतळी वढ!"

लीलाबाईंनी सुतळी ओढली. तिच्या मागोमाग केबल जोडलेली तार सळसळत वर चढली. एक टोक फाटकाला बांधलं, दुसरं लीलाबाईंच्या कठड्याला. सरितानं झाडाखालच्या स्टुलावर रेडिओ लावला. चारला सात मिनिटं कमी होती. नुसती खरखर. तिनं बटण केसभर फिरवलं, आणि खरखरीतून आवाज आला, "...कालव्याचा पूल खचलाय. देवळाच्या फाट्यानं या. ओव्हर."

सरितानं निरोप शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला, "बरोबर" ऐकलं आणि राजकुमारला फोन लावला.

"कालव्याकडून नको. देवळाचा फाटा धरा."

"मॅडम, आता कालव्याकडंच वळणार होतो बघा!" राजकुमारनं इंजिन सुरू केलं. हॉर्न इतका लांब वाजवला, की फोन कानापासून दूर धरावा लागला.

रेडिओवर सुयश विचारत होता, "तुमचा सिग्नल खणखणीत येतोय. अँटेनाचा मास्ट, खांब कुठला? ओव्हर."

रेडिओवर सरिता कधी एक शब्द जास्त बोलत नसे. पण आज तिला हसू आवरत नव्हतं. "कडुलिंब. सासूबाईंनी गोफणीनं तार चढवली. ओव्हर."

मग इतका वेळ फक्त ऐकत बसलेले दूरदूरचे ऑपरेटर एकेक करून बोलू लागले. पुण्याहून, "सासूबाईंना नमस्कार." नागपूरहून, "आमचाही." कुठून तरी एक म्हातारा आवाज, "नेम अजून शाबूत आहे म्हणायचा!"

आवडाबाईंनी झटकन पदर डोक्यावर घेतला. "इतकी माणसं ऐकायलीत? आधी सांगायचं ना गं! साडी तरी बदलली असती."