सूर्याचं काज

गणिताच्या बाईंचा वर्ग कुठे भरलाय हे शोधायला वेळापत्रक लागत नसे. जिथून कालवा ऐकू येई, तिथे तो असे. कधी मुली सूर्यफुलाच्या बिया कोणत्या वळणाने मांडल्यात ते बघत, कधी पानाचं क्षेत्रफळ चौकटीच्या कागदावर काढत. एकदा बाईंनी भोपळ्याचा सूर्य केला आणि मिरीच्या दाण्याची पृथ्वी. ती पृथ्वी ठेवायला मुली थेट फाटकापर्यंत चालत गेल्या. तिथे एका कोंबडीने ती गिळली.

"बाई, जगबुडी झाली," मागून कोणीतरी ओरडलं, आणि तास तिथेच संपला.

तेव्हा अशा गोष्टींचे तयार संच मिळत नसत. पुठ्ठा, दोरा, काठी आणि डिंक एवढ्यावर विश्व उभं करावं लागे. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, व्हरांड्यातून हे सगळं बघत आणि नाक मुरडत. "गणित फळ्यावर शोभतं हो," त्या म्हणत. "आभाळात कशाला नेऊन ठेवता?"

बाई हसून वेळ मारून नेत. त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली होती.

वर्गात शिंप्याची मुलगी होती. दिसेल ते मोजत सुटायची, म्हणून मैत्रिणींनी तिचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. बापाला जवळचं दिसेनासं झाल्यापासून सुईत दोरा ओवणं आणि काज करणं तिच्याकडे आलं होतं. बाई ब्लाउज शिवायला टाकायला गेल्या की बापाची शिकवणी कानावर पडे. "आधी चिमूटभर काप. बटण लावून बघ. अडलं तर आणखी थोडं. काज मोठं झालं की सदरा वाया गेला म्हणून समज."

एके दिवशी बाईंनी सूर्य मोजायला काढला. रीत सोपी होती. लांब काठीच्या एका टोकाला पुठ्ठा, त्याला टाचणीने भोक. दुसऱ्या टोकाला पांढरा कागद. सूर्याकडे पाठ करून काठी धरली की कागदावर सूर्याचा एवढासा गोल ठिपका पडतो. तो मोजायचा, काठी मोजायची, आणि सूर्य किती लांब आहे ते पुस्तकातून घेऊन त्रैराशिक मांडायचं. आपल्या मैदानात उभं राहून सूर्याची रुंदी काढायची.

वर्गात बाईंनी सगळ्यांना तीनतीनदा बजावलं. सूर्याकडे बघायचं नाही. भोकातून तर नाहीच नाही. डोळे जातील.

फूटपट्टी तेव्हा वर्गात नव्हती. दोरा कमी पडला म्हणून बाईंनीच तिला कोठीच्या खोलीकडे पिटाळलं होतं, आणि शिपाईमामांना किल्ली सापडत नव्हती. ती दोरा घेऊन आली तोवर मुली जोड्या करून मैदानभर पांगल्या होत्या. तिची जोडीदारीण तापाने घरी होती. बाईंनी तिच्या हातात काठी दिली. "इकडे भोक, तिकडे कागद. सूर्य मोजायचा. एकटीला जमेल ना?"

"जमेल बाई."

जमणार नाही असं ती कधी म्हणतच नसे. तेवढ्यात कोणाची तरी काठी मोडली, तिकडे बाई धावल्या, आणि सांगायचं ते राहून गेलं.

शेवटी उत्तरं आली ती एकाहून एक. कोणाचा हात हलला, कोणाचा ठिपका नाचला. एकीचा सूर्य चंद्राहून लहान निघाला. "वाळत घातला होतास काय गं?" म्हणून मुलींनी तिला भंडावून सोडलं. फूटपट्टीचं उत्तर मात्र पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी दारात जाऊन उभं राहिलं होतं. बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईंना वाटलं, आनंदाचं आहे.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही.

बाई पुठ्ठे आवरायला बसल्या तेव्हा त्यातला एक वेगळा निघाला. त्याचं भोक टाचणीचं नव्हतं, चांगलं बटणाएवढं होतं. कडा कात्रीने निगुतीने कातरलेल्या. एवढ्या भोकातून कागदावर सूर्य उमटत नाही, नुसता उजेड सांडतो. बाई ते भोक बघत राहिल्या आणि त्यांना उमगलं. पोरीने काठीच्या एका टोकाला डोळा लावला होता, आणि दुसऱ्या टोकाचं भोक कातरत कातरत सूर्याएवढं केलं होतं, आणि ठिपक्याऐवजी ते भोकच मोजलं होतं. आधी चिमूटभर. मग बघायचं. अडलं तर आणखी थोडं. एका डोळ्याला पाणी आलं की दुसरा.

त्या तशाच मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाईंच्या कानावर शिंप्याकडची बातमी आधीच आली होती.

"तुम्ही वर्गाला बजावलं होतं ना?"

"वर्गाला बजावलं होतं, पण…"

"त्या पणाला कुलूप लावा. तुमचं कायम होण्याचं समितीपुढे आहे. आईच्या औषधपाण्याचा तरी विचार करा."

बाईंनी कुलूप लावलं. शिंप्याच्या दुकानावरून जायचा रस्ताही सोडला आणि लांबच्या वळणाने घरी जाऊ लागल्या.

चौथ्या दिवशी शिंपी मुलीला घेऊन शाळेत आला. मोठ्या बाईंनी गणिताच्या बाईंना बोलावून घेतलं. शिंपी खुर्ची असून उभाच होता.

"डॉक्टर म्हणतात, डोळ्यांचा मधला भाग भाजलाय," तो म्हणाला. "औषध नाही. थोडं भरून येईल म्हणतात, तेही आलं तर. कडेकडेचं दिसतं तिला. जिथे बघावं तिथे काळं."

"फार वाईट झालं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. "बाळ, बाईंनी सांगितलं होतं ना, सूर्याकडे बघायचं नाही म्हणून?"

"हो."

"तू ऐकलं होतंस?"

"हो. तरी मी बघितलं."

बाईंना वाटलं आपल्या कानातच काही बिघडलंय.

"घरीही हेच सांगते," शिंपी म्हणाला. "नाव काढून टाका हिचं. सांगितलेलं ऐकत नाही त्या पोरीला शिकवून काय डोंबल करायचं? आता सुई ओवायच्याही कामाची राहिली नाही. हातानं करून घेतलं सगळं."

मुलीचं तोंड भिंतीकडे कललेलं होतं.

"बघा, नजर कशी चोरते," मोठ्या बाई म्हणाल्या. "समोर बघ गं."

पोरीने मान आणखी थोडी वळवली.

"ती नजर चोरत नाहीये," गणिताच्या बाई म्हणाल्या. "समोर बघितलं तर तुमचा चेहरा दिसत नाही तिला. म्हणून ती कडेने बघतेय."

मग त्या शिंप्याकडे वळल्या. "आणि ती खोटं सांगतेय. मी सांगत होते तेव्हा ती वर्गात नव्हती. दोरा आणायला मीच तिला पाठवलं होतं. परत आल्यावर तिला सांगायला मी विसरले."

"बाई, विचार करून बोला," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या.

"करूनच बोलतेय. उशिरा केला."

"नाही, मी ऐकलं होतं," मुलगी म्हणाली.

शिंपी तिच्याकडे वळला. "तू होतीस तिथे? माझी शपथ घेऊन सांग."

मुलगी म्हणाली, "यांना काढून टाकलं असतं, बाबा. मग आम्हाला कोण नेणार होतं बाहेर?"

शिंप्याने गळ्यातली टेप उगाच सारखी केली. कामावरून उठून तसाच आला असावा.

"चार दिवस मी हिच्याशी बोललो नाही," तो बाईंना म्हणाला. "जेवायलासुद्धा हाक मारली नाही. हिला ताट दिसत नव्हतं, आणि मी म्हणालो, भोग आपल्या कर्माची फळं. तुम्ही पहिल्याच दिवशी आला असतात तर डोळे आले नसते परत, ते मलाही कळतं. पण एवढं तरी टळलं असतं."

"मी रोज घरी येऊन शिकवीन तिला," बाई म्हणाल्या. "फळा नको, तोंडी शिकवीन."

"नको. आमच्या दारात येऊ नका."

"बाबा," मुलगी म्हणाली.

"नको म्हटलं ना."

त्याने तिचा दंड धरला आणि दोघं बाहेर पडली. मोठ्या बाई कपाळावर बोटं टेकून बसल्या होत्या. समितीला आता काय सांगायचं, असं काहीसं त्या पुटपुटल्या. बाईंनी ऐकलं नाही. त्यांचं लक्ष बाहेर होतं. व्हरांडा संपून जिना सुरू होत होता.

"पायरी आहे," शिंप्याचा आवाज आला. "पुन्हा पायरी. सावकाश. माझ्याकडे बघू नकोस, पाय टेकव. हं, पायरी."